हाडांची साक्ष

गेल्या महिन्याच्या टपालांत आमच्या एका वाचकभगिनीचें पत्र आलें. पत्र लांबलचक असून अक्षर घाईचें होतें. शेवटच्या ओळी तर रात्रीं सर्व मंडळी निजल्यावर लिहिल्या असाव्यात असें वाटलें. त्यांच्या सासूबाईंचें वय अडुसष्ट. सहा वर्षांपूर्वीं त्यांच्या स्तनाच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया झाली. पुढें औषधोपचार यथासांग होऊन त्या घरांत पूर्ववत् वावरूं लागल्या. गेल्या दोन महिन्यांपासून मात्र त्यांच्या कंबरेंत कळ येते, ती रात्रीं अधिक. क्ष-किरणांचें चित्र काढलें, त्यांत कांहीं दिसलें नाहीं. तरीहि डॉक्टरांनीं ‘बोन स्कॅन’ करावयास सांगितलें आहे. त्यावरून घरांत तीन पक्ष पडले आहेत. मोठे दीर म्हणतात, क्ष-किरणांत कांहीं नाहीं, तर हा नवा खर्च कशाला? आत्येसासूबाई म्हणतात, ह्या वयांत अंगांत किरणांचें औषध टोचून घेणें बरें नव्हे. आणि यजमान म्हणतात, तपासणी करूं, पण ती कशाकरितां आहे तें आईला कळतां कामा नये. “आपण काय म्हणाल?” असें विचारून भगिनींनीं पत्र संपविलें आहे.

त्यांना आम्हीं त्याच दिवशीं थोडक्यांत उत्तर धाडलें, कारण असलीं दुखणीं मासिकाच्या पुढील अंकाची वाट पाहात बसत नाहींत. परंतु हा प्रश्न एका घरचा नव्हे. जेथें तीन पिढ्या एका छपराखालीं नांदतात, तेथें आजार एकाचा असला तरी निर्णय दहा जणांचा असतो. आणि त्या दहा जणांस तपासणीचें मर्म ठाऊक नसलें म्हणजे प्रेमापोटींच अनर्थ घडतो. शिवाय ह्या बाबतींत आमच्या शिरावर एक जुनें ऋण आहे. तें पुढें सांगूं. म्हणून ह्या महिन्याचीं हीं पानें ह्याच विषयास दिलीं आहेत.

आपल्या भाषेंत ‘हाडाचा शिक्षक’ म्हणतात, ‘हाडींमासीं खिळलेली खोड’ म्हणतात. ह्या बोलण्याच्या मुळाशीं असा समज आहे, कीं माणसाचें बाकी सर्व बदलेल, पण हाड कांहीं बदलावयाचें नाहीं. हाड म्हणजे देहरूपी घराचा सागवानी खांब. एकदां उभा केला कीं मरेपर्यंत तसाच! हा समज खरा नाहीं. १९३५ सालीं कोपनहेगन येथें जॉर्ज हेवेशी ह्या शास्त्रज्ञानें एका सहकाऱ्यासह उंदरांना किरणोत्सर्गी फॉस्फरस खाऊं घातला व त्याचा माग काढला. तो हाडांत जाऊन बसला, इतकेंच नव्हे, तर कांहीं काळानें तेथून बाहेरहि पडूं लागला. हाडांतील द्रव्य सारखें जात असतें व त्याच्या जागीं नवें येत असतें, हें त्यावरून सिद्ध झालें. अशा रीतीनें माग काढण्याच्या पद्धतीबद्दल हेवेशींना पुढें १९४३ चें रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. प्रौढ माणसाच्या सांगाड्यांत २०६ हाडें असतात व त्यांतील सुमारें एक-दशांश द्रव्य दर वर्षीं नवें होतें. कांहीं पेशी जुनें हाड कोरून काढतात, दुसऱ्या त्यांच्या मागोमाग नवें भरीत जातात. जन्मभर हें काम मुकाट्यानें चाललेलें असतें.

ज्यांनीं जुन्या वाड्यांत दिवस काढले आहेत, त्यांना ही गोष्ट चटकन् समजेल. वाड्याच्या कोणत्या भिंतीला आंतून दुखणें आहे, हें वरचा रंग पाहून कळत नाहीं. पण गवंडी कोठें काम करीत आहे तें पाहिलें, तर कळतें. आतां अशी कल्पना करा, कीं गवंड्याला दिलेल्या चुन्यांत आपण अंधारांत चमकणारी चिमूटभर पूड मिसळली. रात्रीं दिवे मालवून वाड्यांतून फिरलें, कीं सर्वत्र मंद उजेड दिसेल, कारण किरकोळ डागडुजी सगळीकडे चालूच असते. पण जेथें मोठें काम निघालें आहे, तेथें चुना अधिक जमून तो कोपरा लखलखेल. बोन स्कॅन म्हणजे नेमकें हेंच.

येथें चुन्याचें काम फॉस्फोनेट जातीचें एक औषध करतें. हाडाचें खनिज कॅल्शियम व फॉस्फेट ह्यांचें बनलेलें असल्यामुळें, जेथें नवें हाड घडत असतें तेथें हें औषध जाऊन चिकटतें. चमकणाऱ्या पुडीचें काम टेक्नेशियम ह्या ४३ व्या क्रमांकाच्या मूलद्रव्याकडे असतें. १९३७ सालीं इटलींतील पालेर्मो येथें कार्लो पेरिये व एमिलियो सेग्रे ह्यांनीं, अमेरिकेंतील बर्कली येथून आलेल्या मॉलिब्डेनमच्या तुकड्यांत तें शोधून काढलें. कृत्रिम रीतीनें घडविलेलें हें पहिलें मूलद्रव्य. म्हणूनच ग्रीक भाषेंतील ‘कृत्रिम’ ह्या अर्थाच्या शब्दावरून त्याचें नांव पडलें. त्याच्या ज्या प्रकाराचा येथें उपयोग करतात, त्याचें तेज दर ६ तासांनीं निम्में होतें. त्यांतून निघणारे गॅमा किरण शरीराबाहेर येतात, आणि ते टिपून चित्र उमटविणारा गॅमा कॅमेरा हॅल अँगर ह्यांनीं १९५० नंतरच्या दशकांत बर्कली येथें सिद्ध केला. टेक्नेशियमची फॉस्फेट जातीच्या औषधाशीं सांगड घालून हाडांचें चित्र घेण्याची रीत न्यूयॉर्क संस्थानांतील सिरॅक्यूज येथील सुब्रह्मण्यन् व मॅकॅफी ह्यांनीं १९७१ सालीं प्रसिद्ध केली. आपल्याकडे मुंबईस परळ येथें अणुशक्ति खात्याचें रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ सालींच निघालें होतें. तेव्हां ही विद्या आपल्यास अगदीं परकी आहे असें कोणीं समजूं नये.

आतां मोठ्या दिरांच्या शंकेकडे वळूं. क्ष-किरणांत कांहीं नाहीं, तर पुढें कशाला जावें? ह्याचें उत्तर असें, कीं दोन्ही चित्रें दोन निराळ्या गोष्टी सांगतात. क्ष-किरण भिंतीचा आकार व जाडी दाखवितात. बोन स्कॅन गवंड्याची धांवपळ दाखवितो. मणक्यासारख्या हाडांतील खनिज तीस ते पन्नास टक्के नाहींसें होईपर्यंत साध्या क्ष-किरणचित्रांत कित्येकदां कांहींच दिसत नाहीं. परंतु हाडांत रोग शिरल्याबरोबर त्याच्या भोंवतीं डागडुजी सुरू होते, व ती स्कॅनमध्यें कांहीं आठवडे, क्वचित् कांहीं महिनेहि, आधीं उमटते. शिवाय एकाच वेळीं डोक्यापासून पायापर्यंतचा सर्व सांगाडा त्यांत येतो. कळ कंबरेंत असली व रोग बरगडींतहि बसला असला, तर तोहि त्यांत सांपडतो.

डॉक्टर ही तपासणी सांगतात तीं कारणें एकाच प्रकारचीं नसतात, व बोन स्कॅन म्हटल्याबरोबर कर्करोगच समजावयाचा हें बरोबर नाहीं. पुरुषांतील प्रोस्टेट ग्रंथीचा, स्त्रियांतील स्तनाचा, तसेच फुप्फुसाचा व मूत्रपिंडाचा कर्करोग ह्यांना हाडांकडे जाण्याची विशेष खोड आहे. म्हणून अशा रुग्णाचें हाड दुखूं लागलें, अथवा रक्तांतील अल्कलाइन फॉस्फटेज सकारण वाटण्याइतकें वाढलें, कीं सांगाड्याची झडती घेतात. हें पहिलें कारण. दुसरें, दडलेली मोड. आमच्या शेजारचा एक तरुण पोलीसभरतीकरितां रोज डांबरी रस्त्यावर धांवत असे. नडगी दुखूं लागली, क्ष-किरणांत कांहीं आढळेना, आणि आळशीपणा करतो म्हणून वडिलांचीं बोलणीं मात्र तो खात राहिला. स्कॅनमध्यें त्या नडगीवर ठळक ठिपका उमटला. वारंवार ताण बसून हाडाला बारीक चीर गेली होती. दीड महिन्याची विश्रांति हेंच औषध ठरलें, व वडिलांना मुलाजवळ दोन शब्द नमून बोलावे लागले. तिसरें कारण हाडांतील पू, म्हणजे जंतुदोष. ह्यासाठीं औषध टोचतांक्षणीं, कांहीं मिनिटांनीं व कांहीं तासांनीं अशीं तीन टप्प्यांचीं चित्रें घेतात. चौथें, बदललेला गुडघा अथवा खुबा सैल झाला आहे काय हें पाहणें. ह्यांशिवाय पॅजेटच्या रोगासारखे हाडांचे कांहीं विकारहि ह्या चित्रांतून ओळखतां येतात.

परंतु ह्या साक्षीदाराची मर्यादाहि ध्यानांत ठेविली पाहिजे. गवंडी कोठें आहे तें तो सांगतो. कां आला तें सांगत नाहीं. वाळवी लागली म्हणून गवंडी येतो, पावसानें भिंत फुगली म्हणून येतो, आणि नवी खोली काढावयाची म्हणूनहि येतो. त्याचप्रमाणें जुनी मोड, झिजलेला सांधा, ठिसूळपणामुळें दबलेला मणका, किंवा वाढत्या मुलांच्या हाडांचीं टोकें, हीं सर्व स्कॅनमध्यें चमकतात. म्हणून अहवालांत ‘ठिपका’ हा शब्द वाचून रडारड करणें हा वेडेपणा होय. तो ठिपका कोठें आहे, कसा आहे, हें पाहून व जरूर तेथें सी. टी., एम्. आर्. आय्. किंवा हाडाचा तुकडा तपासून डॉक्टर निर्णय देतात. ह्याच्या उलटहि घडतें. मल्टिपल मायलोमा नांवाच्या रोगांत हाड कोरलें जातें, पण डागडुजी जवळजवळ होत नाहीं. वाळवी लागली आणि गवंड्याला कोणीं बोलावलेंच नाहीं असा तो प्रकार! तेथें हा स्कॅन पुष्कळदां फसतो. प्रोस्टेटच्या कर्करोगावर नवा उपचार सुरू केल्यावर पहिल्या कांहीं महिन्यांत ठिपके वाढलेलेहि दिसतात, व तें कधीं कधीं हाड भरून येत असल्याचें लक्षण असतें. म्हणून दोन अहवाल शेजारीं ठेवून घरच्या घरीं न्यायनिवाडा करूं नये.

आणखी दोन गोष्टी. आपल्या ओळखीच्या मंडळींत बोन स्कॅन व हाडांची घनता मोजण्याची डेक्सा तपासणी ह्यांची नेहमीं गल्लत होते. डेक्सामध्यें कांहीं टोचीत नाहींत. हाड किती ठिसूळ झालें आहे एवढेंच ती मोजते. दुसरी गोष्ट, ज्याला त्याला हा स्कॅन करून घ्यावयाचा नसतो. आरंभींच्या अवस्थेंतील, फारशा धोक्याच्या नसलेल्या स्तनाच्या वा प्रोस्टेटच्या कर्करोगांत, कोणतीहि तक्रार नसतांना हाडांचा स्कॅन करूं नये, असा सल्ला अमेरिकेंतील कर्करोगतज्ज्ञांच्या संस्थेनें २०१२ सालीं दिला आहे. तेव्हां “शेजारच्या काकांना सांगितला, मग आमच्या दादांना कां नाहीं?” असें विचारून डॉक्टरांस पेंचांत धरणेंहि इष्ट नव्हे. प्रोस्टेटच्या बाबतींत तर सांप्रत कित्येक ठिकाणीं ह्याऐवजीं अधिक सूक्ष्म अशी पेट तपासणी सांगतात.

आत्येसासूबाईंची भीति आम्ही हंसण्यावारी नेत नाहीं. किरणोत्सर्ग हा शब्दच भयंकर आहे. परंतु हिशेब पाहावा. एका बोन स्कॅनमध्यें अंगावर येणारी मात्रा सामान्यतः ३ ते ५ मिलिसीव्हर्ट असते. आणि माती, दगड, आकाश व अन्न ह्यांपासून माणसाला निसर्गतःच वर्षाकांठीं जगाच्या सरासरीनें सुमारें २.४ मिलिसीव्हर्ट मिळत असतात. म्हणजे एक-दोन वर्षांत जें आपसुक मिळावयाचें, तितकेंच हें. ६ तासांनीं तेज निम्में होतें ह्या हिशेबानें २४ तासांत तें सोळाव्या हिश्श्यावर येतें, शिवाय बराच भाग लघवीवाटें निघून जातो. कृतिहि सोपी आहे. बहुधा उपाशी राहावें लागत नाहीं. दंडाच्या शिरेंत एक सुई टोचतात; मग दोन ते चार तास थांबून पाणी भरपूर प्यावयाचें व वरचेवर लघवीस जाऊन यावयाचें; नंतर अर्धा-पाऊण तास निश्चल पडून राहावयाचें. दुखतें तें सुईपुरतें. मात्र वयस्क माणसाला कठीण फळीवर पाठ टेकून पडणें जड जातें. तेव्हां पाठदुखीची गोळी आधीं घ्यावी काय हें डॉक्टरांना अवश्य विचारावें. त्या दिवशीं नातवंडांना फार वेळ मांडीवर घेऊन बसूं नये, गर्भवती सुनेनें सोबतीस जाऊं नये, आणि रुग्ण स्वतः गर्भवती असेल अथवा मूल अंगावर पीत असेल, तर तें आधींच सांगावें.

आतां आमचें ऋण. आमच्या थोरल्या वहिनींनीं आम्हां धाकट्या भावंडांना आईच्या मागें वाढविलें. त्यांच्यावरहि अशीच शस्त्रक्रिया झाली होती, व पांच वर्षें चांगलीं गेलीं होतीं. मग पाठ दुखूं लागली. डॉक्टरांनीं स्कॅन लिहून दिला. त्या सुमारास धाकट्या पुतणीचें लग्न ठरलें होतें. आम्ही चौघे भाऊ माडीवर बसलों आणि ठरविलें, कीं कार्य पार पडूं द्यावें. तोंपर्यंत वहिनींस कांहीं बोलूं नये. तेल चोळावें, शेक द्यावा. आमच्यांत शिकलेले सगळेच होते, आणि कोणाचाहि हेतु वाईट नव्हता. सात आठवडे गेले. लग्न थाटांत झालें. वहिनींनीं विहिणींच्या ओट्या स्वतः भरल्या. त्यानंतर चौथ्या दिवशीं सकाळीं त्या अंथरुणावरून उठूं लागल्या, तों पाय उचलेनात. रोगानें मणका पोखरून मज्जारज्जूवर दाब आणला होता. त्याच रात्रीं किरणोपचार सुरू झाले, पण पाय पुरते आले नाहींत. पुढें त्या अडीच वर्षें जगल्या, बहुतेक काळ वॉकरच्या आधारानें. स्कॅन वेळीं केला असता तर रोग गेला असता असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु माणूस चालता असतांना उपचार झाले, तर तो चालता राहण्याचा संभव पुष्कळ असतो, हें आम्हांस मागाहून कळलें.

एके दिवशीं धीर करून आम्हीं त्यांना सारें सांगितलें. त्यांना तें ठाऊक होतें. चिठ्ठी त्यांनीं पहिल्याच दिवशीं वाचली होती. आम्हीं बोलत नाहीं म्हणून त्याहि बोलल्या नव्हत्या. रागावल्या नाहींत. एवढेंच म्हणाल्या, “हाडें माझीं, आणि सभा मात्र तुमची.”

म्हणून आमच्या भगिनींना आमचें उत्तर असें. मोठ्या दिरांना सांगावें, कीं क्ष-किरण निर्दोष असणें हें ह्या तपासणीस विरोधी कारण नसून कित्येकदां तेंच तिचें प्रयोजन असतें. आत्येसासूबाईंना किरणांचा हिशेब समजावून द्यावा. यजमानांना मात्र आमच्या वहिनींचें वाक्य ऐकवावें. ज्या माणसानें एकदां कर्करोगाशीं दोन हात केले आहेत, त्याला पुन्हां पाठ दुखूं लागली म्हणजे मनांत काय येत असेल, तें त्याला कोणीं सांगावें लागत नाहीं. आपण न बोलल्यानें तें भय कमी होत नाहीं, फक्त एकट्यानें सोसावें लागतें. आणखी एक सूचना सर्वांसच. असा पूर्वेतिहास असतां पाठदुखीबरोबर पायांत अशक्तपणा अगर बधिरपणा आला, किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटूं लागला, तर स्कॅनच्या तारखेची वाट न पाहतां त्याच घटकेस रुग्णालयांत जावें.

हीं पानें छापावयास धाडीत असतांनाच भगिनींचें दुसरें पत्र हातीं आलें. यजमानांनीं स्वतः आईजवळ बसून सर्व सांगितलें. सासूबाईंनीं हातांतील वाती बाजूस ठेवून शांतपणें ऐकून घेतलें, आणि विचारलें, “मंगळवारीं जायचें, कीं बुधवारीं? बुधवारीं असेल तर भाजणी मी मंगळवारींच करून ठेवतें.”